दत्तक देणाऱ्यानं आधी ‘नाही’ म्हणावं

गिनीपिग दत्तक देण्या-घेण्याबद्दल सांगली-साताऱ्याकडे जे बोललं जातं ते एका वाक्यात मावतं: मुका जीव आहे, कुणीतरी न्या, पुण्य लागेल. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पिंजऱ्याचा फोटो येतो, खाली ‘फ्री, पिंजऱ्यासकट’ असं लिहिलेलं असतं आणि तासाभरात कुणीतरी ‘मी नेतो’ म्हणून पुढे येतो. देणारा सुटला, नेणारा पुण्यवान ठरला, हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. पुढे त्या जनावराचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांच्या लेखी विषय तिथंच मिटलेला असतो.

मला ही समजूत उथळ वाटते. दत्तक देणं हा व्यवहार आहे, आणि ज्या व्यवहारात अटी नाहीत, परतीची वाट नाही, नकाराची सोय नाही, तो शेवटी जनावराच्या जिवावर बेततो. याला जोडून दुसरं म्हणणं: जनावर जितकं लहान आणि स्वस्त, तितक्या या अटी कडक हव्यात. आपण नेमके उलटे चालतो. म्हैस घेताना दहा प्रश्न विचारणारा माणूस गिनीपिग बुटाच्या खोक्यात घालून देतो, आणि घेणाराही तसाच घेऊन जातो.

१. पुण्याचा हिशेब कुठं चुकतो

दयेच्या हिशेबात जनावर हस्तांतरित झालं की खातं बंद होतं. जनावराचा हिशेब तिथून सुरू होतो आणि नीट सांभाळलं तर पाच ते आठ वर्षं चालतो. एवढा सरळ फरक आपल्या नजरेतून सुटतो, कारण दया ही देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनात घडणारी गोष्ट आहे. तिला साक्षीदार म्हणून जनावर लागतं, पुढची वर्षं लागत नाहीत.

दक्षिण महाराष्ट्रात जीवदयेची परंपरा जुनी आणि खरी आहे. थकल्या-भागल्या गुरांसाठी पांजरपोळांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं ते सरकारला जमलेलं नाही, त्यामुळे त्या परंपरेची टिंगल करण्याचा मला अधिकारही नाही आणि इच्छाही नाही. पण तिच्या एका रूपात छिद्र आहे, आणि ते त्या परंपरेतल्या जाणत्यांनाही ठाऊक असतं. कसायाच्या हातून पैसे देऊन जनावर सोडवलं की ते एक जनावर वाचतं. पैसे मात्र कसायाकडेच जातात आणि पुढच्या बाजारी तो तेवढीच जनावरं पुन्हा घेतो. पेट शॉपमध्ये हेच घडतं. टाकीच्या कोपऱ्यात डोळे चिकटलेला, अंग फुगवून बसलेला एक गिनीपिग दिसतो, जीव कळवळतो, आपण तो ‘सोडवून’ आणतो. दुकानदाराच्या वहीत त्याची नोंद विक्री अशीच होते. जागा रिकामी झाली की तो पुरवठादाराला फोन लावतो.

म्हणून पहिली पायरी ही: दुकानातला जीव आणि रेस्क्यू संस्थेतला जीव यांच्यात गुणांचा फरक नाही, साखळीचा फरक आहे. रेस्क्यूतून नेलेल्या जनावराच्या जागी कुणी नवं जनावर जन्माला घालत नाही. रेस्क्यूची बाजू घ्यायला एवढं एकच कारण आहे आणि तेवढं पुरेसं आहे. मात्र रेस्क्यूनंच नर-मादीची जोडी एकत्र देऊन टाकली, किंवा कुणालाही काहीही न विचारता दिली, तर तो फरकही पुसला जातो. मग ती संस्था म्हणजे फुकटात माल देणारं दुकान.

२. लहान म्हणजे सोपा नव्हे

कुत्र्याचा हट्ट परवडत नाही, मांजर आजीला चालत नाही, मासे कंटाळवाणे. तेव्हा मुलाच्या वाढदिवसाला गिनीपिग. हा मधला तोडगा ज्या गृहीतकावर उभा आहे ते तपासून पाहू.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला. पेरू, बोलिव्हियाच्या थंड पठारांवर माणसानं त्याला हजारो वर्षांपूर्वी पाळीव केलं ते खाण्यासाठी. त्याला अठरा ते चोवीस अंशांच्या आसपासचं हवामान मानवतं. तिशीच्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका असतो. त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंगातली उष्णता काढून टाकणंही जमत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, आणि आपण पिंजरा ठेवतो कुठं, तर पत्र्याच्या गच्चीवर किंवा पश्चिमेच्या गॅलरीत, ‘घरात वास नको’ म्हणून.

त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला चोवीस तास सुकं गवत लागतं. आहाराचा मोठा भाग गवत, उरलेला पालेभाजी. आपल्याकडे त्याच्यापुढे पक्ष्यांचे दाणे, बिस्किट, पोळीचा तुकडा आणि हौशीनं गाजर पडतं. ज्या जिल्ह्यांत बांधाबांधावर मारवेल आणि हरळी उगवते, बाजारात लसूणघासाच्या पेंढ्या मिळतात, तिथं या जनावराची उपासमार व्हावी हे जरा विचित्रच आहे. लसूणघासही रोज देऊन चालत नाही. वाढलेल्या जनावराला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि मूत्राशयात खडे होतात. पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो. गाय पाळणाऱ्या घरात हा बारकावा कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. कुठल्या जनावराला कुठला चारा, हे तिथं पोरंसोरंही जाणतात. गिनीपिगच्या बाबतीत प्रश्नच विचारला जात नाही, कारण ते जनावर आहे असं मनापासून कुणी मानत नाही. ते खेळणं असतं.

आता क जीवनसत्त्व. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात ते तयार होत नाही. आहारातून रोज मिळालं नाही तर काही आठवड्यांत सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, केस राठ होतात, जनावर मागचे पाय ओढत चालतं. हा स्कर्व्ही. 1907 मध्ये नॉर्वेच्या ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांना नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांमध्ये हाच रोग दिसला, आणि माणसाच्या स्कर्व्हीचा अभ्यास प्रयोगशाळेत करता येण्याची वाट उघडली. म्हणजे नुसत्या दाण्यांवर हे जनावर काय होऊन मरतं, हे विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. रॉबर्ट कॉखनं 1882 मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला तोही गिनीपिगांना रोग देऊन. पुढे कितीतरी वर्षं थुंकीतला क्षय नक्की करायचा तर नमुना गिनीपिगला टोचून वाट पाहायची, ही रीत होती. ज्या भागात वानलेसवाडीसारखं क्षयरुग्णालय उभं राहिलं, त्या भागातल्या कुणी ‘या प्राण्याबद्दल आपल्याला काय माहिती’ म्हणून हात झटकू नयेत. आपल्या औषधशास्त्राला हा प्राणी आतून-बाहेरून माहीत आहे. पाळणाऱ्यालाच तेवढा तो माहीत नाही.

उपाय फार अवघड नाही. ढोबळी मिरचीची एखादी फोड, थोडी कोथिंबीर, आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन. वजनाचं महत्त्व जास्त आहे. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो. खाणं थांबवल्याचं आपल्या लक्षात येईपर्यंत एक दिवस गेलेला असतो, आणि एक दिवस आतडं थांबलं तर तो वाचणं कठीण. वहीत लिहिलेला आकडा मात्र लपत नाही. नऊशे ग्रॅमचं जनावर पुढच्या रविवारी आठशेवर आलं तर ते कितीही टुणटुणीत दिसो, काहीतरी बिघडलंय.

बिघडलं तर जायचं कुठं? सांगली-साताऱ्यातले पशुवैद्य गाय, म्हैस, शेळी यांच्यात हात बसलेले. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने वाढलेत. गिनीपिगची गोष्ट वेगळी. पेनिसिलिन गटातली, इतर जनावरांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविकं त्याला तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं. म्हणजे उपचार न केल्यानं मरण्याइतकाच, चुकीचा उपचार केल्यानं मरण्याचाही धोका. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सांगलीहून कऱ्हाड, सातारा करत खंबाटकी ओलांडून तिथवर पोचायचं म्हणजे अर्धा दिवस, आणि हातातलं जनावर एक किलोचं, फुकटात मिळालेलं. किती जण निघतील?

३. ‘दोन्ही माद्याच आहेत’

लहान जनावराबद्दलचा सगळ्यात महागडा गैरसमज त्याच्या वाढीबद्दल आहे. तो हिशेब एकदा मांडूनच पाहावा.

गिनीपिग एकटा ठेवू नये, हे बरोबर आहे. तो कळपातला प्राणी. स्वित्झर्लंडनं तर 2008 पासून त्याला एकटं ठेवायला कायद्यानंच बंदी केली. दुकानदारही ‘जोडीनं न्या’ म्हणतो, त्याच्या कारणानं. ‘दोन्ही माद्याच आहेत, काळजी नको,’ असंही सांगतो. लहानपणी नर-मादी ओळखणं नवख्याला जमत नाही, आणि त्याच्याकडे नवखेच जास्त. तीन आठवड्यांचा नर पिल्लं देऊ शकतो. मादी दीड-दोन महिन्यांतच वयात येते. गाभणकाळ सुमारे दोन महिने. एका वेतात दोन ते चार पिल्लं, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. आणि व्यायल्यावर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. दिवाळीला आणलेली जोडी होळीला चार-सहा होते, पावसाळ्यापर्यंत पिल्लांची पिल्लं सुरू होतात. उलट टोकालाही धोका आहे: मादी सात-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिचा कटीचा सांधा घट्ट होऊन बसतो आणि त्यानंतरचं पहिलं बाळंतपण जिवावर बेतू शकतं.

आता त्या व्हॉट्सॲपवरच्या ‘फ्री, पिंजऱ्यासकट’कडे पुन्हा पाहा. तिथं फिरणारे बहुतेक जीव दुकानातून थेट आलेले नसतात. ते एका चुकीच्या जोडीची दुसरी-तिसरी पिढी असतात. नेणारा त्यातले दोन उचलतो, पुन्हा न तपासता. दयेनं चाललेला हा कारखाना दुकानापेक्षा वेगानं माल काढतो. नर-मादी वेगळे न करता, किंवा नरांचं खच्चीकरण न करता दत्तक देणारा माणूस कितीही प्रेमळ असो, तो पैदासकारच आहे. बिनपगारी, इतकंच.

४. तीन कुंपणं, तिन्ही मोडकी

एखाद्या जनावराचं रक्षण तीन गोष्टी करतात: त्याची किंमत, कायदा आणि लोकमत.

किंमत आधी. खिलार बैलाला कुणी उपाशी ठेवत नाही, कारण पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात त्याच्या अंगकाठीवर भाव ठरतो. मालक वाईट असला तरी भाव त्याला शहाणं करतो. गिनीपिगची किंमत काही शे रुपये. डॉक्टरची एक फी त्याहून जास्त. ‘नवा आणू’ हे वाक्य या गणितातून आपोआप तयार होतं, त्यासाठी माणूस क्रूर असावा लागत नाही.

कायदा कागदावर बरा आहे. 2018 च्या पेट शॉप नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत गिनीपिगचं नाव स्पष्ट आहे. दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. 2001 च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी आणि तिचा निवारा, दवाखाना असला पाहिजे. आणि 1960 च्या मूळ कायद्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला उपाशी-तहानेलं तडफडेल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. म्हणजे गिनीपिग टाकून देण्याची कायदेशीर शिक्षा गिनीपिगच्या किमतीहूनही कमी. पोलीस ठाण्यात ही तक्रार घेऊन जाणाऱ्याला काय ऐकून घ्यावं लागेल ते वेगळंच.

राहिलं लोकमत. 2025 च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’त नेली तेव्हा कोल्हापूर-सांगली पट्टा रस्त्यावर उतरला. तिथं कोण बरोबर होतं यात मी आत्ता शिरत नाही. लक्षात घेण्यासारखं इतकंच की त्या एका जनावराच्या ताब्यासाठी उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, समित्या, वैद्यकीय अहवाल, गावोगावचे मोर्चे असं सगळं उभं राहिलं. तिच्या पायांची नखं कशी आहेत, यावर चहाच्या टपरीवर वाद झाले. ती कुणाकडे असावी हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. गिनीपिगच्या वाट्याला हा प्रश्नच येत नाही. तो कुणाकडेही असला तरी चालतो.

किंमत नाही, दंड नाही, मोर्चा नाही. मग एकच कुंपण उरतं: देणाऱ्यानं घातलेल्या अटी. म्हणूनच माझा आग्रह आहे की मोठ्या जनावरापेक्षा लहान जनावराचा दत्तक-कागद जास्त लांब असावा.

५. हे आपल्याला नवीन नाही

‘अटी घालून जनावर देणं’ हे शहरी, परदेशी फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माण-खटाव-आटपाडीकडे पाहावं. वाट्यानं शेळी पाळायला देण्याची रीत आपल्याकडे जुनी. शेळी एकाची, राबणूक दुसऱ्याची, पिल्लं निम्मी-निम्मी. शेळी आजारी पडली तर खर्च कुणाचा, मेली तर तोटा कुणाचा, आणि जमलं नाही तर ती परत कधी आणून बांधायची, हे दावं हातात देण्याआधी बोललेलं असतं. कागद नसेल, पण करार पक्का असतो. देणारा अधूनमधून गोठ्यात डोकावतो आणि त्यात घेणाऱ्याला अपमान वाटत नाही.

चारा छावणीचं उदाहरण याहून बोलकं आहे. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं छावणी चालवली. 2019 मध्येही माणदेशात छावण्या पडल्या. छावणीत जनावर येतं ते मालकासकट. बाई-माणूस तिथंच पालात राहतं, धार काढतं, शेण उचलतं. चारा-पाणी संस्थेचं, जबाबदारी मालकाची, आणि पाऊस पडला की जनावर आपल्या दावणीला परत. आजच्या रेस्क्यूच्या भाषेत याला फोस्टर म्हणतील. त्यातला मूळ विचार असा की मालकाची अडचण तात्पुरती असेल तर जनावराचा मालक बदलायची गरज नाही, अडचण सोडवायची गरज आहे. बदली झाली, बाळंतपण आलं, घरमालकानं नोटीस दिली, अशा कारणांनी जे गिनीपिग ‘द्यायचे आहेत’ म्हणून फिरतात, त्यांतल्या कित्येकांना नवा मालक नको असतो, दोन महिन्यांची छावणी हवी असते.

तिसरं उदाहरण आजचं. ‘ॲनिमल राहत’ ही संस्था 2003 पासून सांगली-सोलापूर भागात कारखान्यांच्या ऊसगाड्या ओढणारे बैल, वीटभट्ट्यांवरची गाढवं यांच्यात काम करते. राबून थकलेल्या बैलांना ती आसरा देते. पण एक बैल आश्रयाला आला की त्याच्या जागी जुवाखाली दुसरा जाणार असेल तर हाती काय लागलं? म्हणून बैलाच्या जागी ट्रॅक्टर यावा, हा आग्रहही तिनं धरला. सोडवलेल्या जीवाइतकंच त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहायचं असतं. गिनीपिग परत करणाऱ्यालाही हाच प्रश्न टाकायला हवा: हा दिल्यावर त्या पिंजऱ्यात आता काय येणार?

६. नकार कुणाला

आता नेमकं बोलू. निवाऱ्यानं किंवा घरातून दत्तक देणाऱ्यानं काय विचारावं?

पिंजऱ्याची जागा आणि तिथली दुपारची सावली, हे पाहिल्याशिवाय देऊ नये. फोटोवर भागवू नये. तळ जाळीचा असेल तर नाही, कारण पावलांना जखमा होऊन चिघळतात. घरात आधीचा गिनीपिग असेल तर तो नर की मादी हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासावं. ससा असेल तर एका पिंजऱ्यात ठेवायचा बेत मोडून काढावा. सशाला न बाधणारे काही जंतू गिनीपिगला न्यूमोनिया देतात. सुकं गवत कुठून आणणार, हे नाव-पत्त्यासह विचारावं. जवळच्या डॉक्टरनं हा प्राणी पूर्वी हाताळलाय का, हेही.

आणि सांगली, मिरज, कऱ्हाडसाठी एक खास प्रश्न मी यात घालीन: पूर आला तर? 2005, 2019, 2021 या तिन्ही वर्षांत कृष्णेनं काठ सोडला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कित्येकांना दावणीची जनावरं सोडून होडीत बसावं लागलं. होडीत पिंजऱ्याला जागा मिळत नाही. वरच्या मजल्यावर कोण नातेवाईक, कोणाच्या घरी नेणार, कशात घालून नेणार, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याला नदीकाठच्या तळमजल्यावर हा जीव देऊ नये. हा प्रश्न कुठल्याही परदेशी फॉर्मवर छापलेला मिळणार नाही. तो आपला आपणच लिहायला हवा.

शेवटची अट परतीची: नको झालं तर इथंच आणून द्यायचं, कारण विचारणार नाही, दोष देणार नाही, पण तिसऱ्याला परस्पर द्यायचं नाही. परतीची वाट उघडी ठेवणारी संस्था मनातून नापास झालेली वाटते, आणि म्हणून पुष्कळ संस्था ती ठेवत नाहीत. मग परतीची वाट शोधली जाते विश्रामबागेच्या एखाद्या बागेत किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. ‘निसर्गात सोडला’ असं त्याचं वर्णन होतं. या प्राण्याला आपल्याकडे निसर्ग नाही. भटकं कुत्रं, मुंगूस, मांजर, घार यांच्यापैकी जो आधी पोचेल तो.

७. काही आक्षेप

पहिला नेहमीचा: माणसांना खायला नाही आणि तुम्ही गिनीपिगचं घेऊन बसलात. ज्यानं तो पाळलाय त्याच्याशीच हे बोलणं चाललंय; त्याच्या घरी खायला आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. एवढ्या अटी घातल्या तर कोणी घेणारच नाही, निवारे तुंबतील, आणि आत अडकलेल्या जीवाला वाईट घरापेक्षा वाईट पिंजरा मिळेल. यात तथ्य आहे. मोठ्या शहरांतल्या काही दत्तक-फॉर्मांत मला चक्क वर्गाचा अहंकार दिसतो: घर स्वतःचं हवं, भाडेकरू नको, ‘गावाकडं’ देणार नाही, मुलाखतीत इंग्रजी हवं. या अटी जनावराच्या हिताच्या नाहीत, देणाऱ्याच्या तोऱ्याच्या आहेत. तासगावच्या द्राक्षमळ्यातल्या घरात, मातीच्या गार भिंतीशी, रोज ताजं गवत कापून आणणाऱ्या हातांत गिनीपिग पुण्याच्या फ्लॅटपेक्षा सुखात राहील (गवत फवारणीतलं नसावं, हे तिथं वेगळं विचारायचं). अट माणसाच्या ऐपतीवर नको, त्याच्या कृतीवर हवी: गवत, सावली, जोडी, वजन, डॉक्टर, परत. या सहा गोष्टी कुणाही गरीबाला जमतात आणि कितीतरी श्रीमंतांना जमत नाहीत. शिवाय तुंबण्याचं खरं कारण कडक अटी असत नाही. नर-मादी वेगळे न करता दिलेले जीव सहा महिन्यांनी दहा होऊन परत येतात, तेव्हा निवारा तुंबतो. आज एक नकार दिला तर उद्याचे दहा दारात येत नाहीत.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: प्राणी पिंजऱ्यात पाळूच नयेत. तत्त्व म्हणून मी त्याच्या जवळ आहे. पण जो जन्मलाय, ज्याला जंगल नाही, त्याच्यापुढे हे तत्त्व मांडून काय उपयोग? दुकानं बंद व्हावीत यासाठी भांडावं, आणि तोवर जे आहेत त्यांना घर शोधावं. दोन्ही एकाच माणसानं करायला हरकत नसावी.

चौथा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आक्षेपाच्या नव्हे तर कौतुकाच्या सुरात येतो: मुलांना जबाबदारी शिकायला मिळते. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला गिनीपिग त्याच्या बारावीपर्यंत जगतो. मुलगा आधी क्लासला, मग पुण्याला. पहिल्या महिन्यानंतर सकाळी ओला भुसा काढणारी, बाटलीतलं पाणी बदलणारी, उन्हाळ्यात पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकणारी बहुतेक घरांत आई असते, आणि प्राणी आणायचा ठरला तेव्हा तिला विचारलेलं नसतं. मुलगा यातून एवढंच शिकतो की हौस आपली आणि काम आईचं. म्हणून दत्तक-कागदावर ज्याच्या नावानं अर्ज आहे त्याची सही मला पुरेशी वाटत नाही. रोजचा पिंजरा कोण साफ करणार, त्या माणसाचं नाव लिहून घ्यावं आणि त्याला, बहुधा तिला, समोर बसवून विचारावं. ती नको म्हणाली तर फॉर्म तिथंच परत करावा, मुलगा रडला तरी.